बावीस शुक्रवार आणि एक तराजू

भाजीच्या शेतावरच्या शेडमध्ये शिरलं की उजव्या हाताला फळा, फळ्याखाली तराजू आणि तराजूशेजारी सभासदांची यादी, तिला सुतळीने बांधलेली पेन्सिल. पहिल्या शुक्रवारी मी माझ्या नावापुढे खूण केली आणि कोणीतरी पिशवी भरून हातात देईल म्हणून बाजूला उभी राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझ्यामागून आलेली माणसं आपापलं मोजून घेऊन निघूनही गेली. शेवटी दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीला माझी दया आली. "आजी, इथे आपलं आपणच घ्यायचं असतं."

माझी एकतीस वर्षं दुसऱ्यांचे हिशोब तपासण्यात गेली. आपणच मोजायचं, आपणच घ्यायचं आणि पुन्हा तपासायला कोणी नाही, हे मला त्या दिवशी धड रुचलं नव्हतं. म्हणून घरी आल्यावर सगळा वाटा स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुन्हा तोलला आणि वहीत लिहिला. तो परिपाठ पुढे हंगामभर चालू राहिला. आता हंगाम संपला आहे, वही भरली आहे, आणि या शेताचं सभासद व्हावं की नाही असं चौघा-पाच जणांनी विचारलं आहे. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

व्यवहार असा आहे. पेरणीच्या आधी पूर्ण हंगामाचे पैसे भरायचे, फार तर दोन हप्त्यांत. मग जे पिकेल त्यातला आपला वाटा दर शुक्रवारी चार ते सात या वेळेत शेतावर जाऊन आणायचा. पूर्ण वाटा किंवा अर्धा वाटा. आम्ही घरात तिघं, मी, हे आणि सासूबाई. सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी. अर्धा घेतला. करारपत्र एकच पान आहे आणि त्यातली महत्त्वाची वाक्यं चार: या शेतात पिकेल त्यातलंच मिळेल. काय आणि किती पिकेल याची हमी नाही. पीक गेलं तर पैसे परत नाहीत. न नेलेला वाटा पुढच्या आठवड्यात धरला जाणार नाही. यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे पैसे आपण रोख द्यायचे, आणि भाजी देवाच्या भरवशावर."

तसंच आहे, आणि ते आधीच स्पष्ट सांगितलं हे मला आवडलं. आपल्या भाषेत वाटा म्हणजे हिस्सा, आणि ढीग लावून विकायला ठेवतात तोही वाटाच. आपली गल्लत तिथेच होते. ढीग समोर दिसतो, हातात घेऊन पाहता येतो, पटला नाही तर पुढे जाता येतं. हिस्सा घेतला की नफ्यात आणि नुकसानीत, दोन्हींत घेतला. सुखदुःखाचे वाटेकरी म्हणतो ना आपण, ते वाटेकरी.

हे सांगायचं कारण, माझा आधीचा अनुभव. दोन वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका दुसऱ्या शेताचे सभासद झालो होतो. नाव लिहीत नाही. तिथे भाजी दारात यायची, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर छान छापील पत्र. आठवडेच्या आठवडे खोकं सारखंच भरलेलं. पाऊस झाला तरी तेवढंच, कडक ऊन पडलं तरी तेवढंच. मला फार कौतुक वाटायचं. मग एकदा टोमॅटो धुताना बोटाला काहीतरी चिकट लागलं. पाहिलं तर छापील लेबलाचा अर्धा तुकडा. शेतातून थेट आलेल्या टोमॅटोवर लेबल कशाला लागतं? फोन केला तेव्हा उत्तर आलं की त्या आठवड्यात माल कमी पडला म्हणून "थोडा बाहेरून घेतला". थोडा म्हणजे किती, कधीपासून, ते काही कळलं नाही. बाहेरून घेतल्याबद्दल माझं भांडण नव्हतं. कमी पडलं तर कमी द्या, किंवा बाहेरून घेतलं तर चिठ्ठीत तसं लिहा. उरलेल्या हंगामाचे पैसे तेवढे सोडून दिले.

त्यामुळे या शेताचं परीक्षण मी एकाच गोष्टीवर करणार होते: वाईट आठवड्यात ही माणसं काय करतात.

वाईट आठवडा दहावा आला. गुरुवारी दुपारी गारा पडल्या. शुक्रवारी आता काय मिळतंय अशा विचाराने शेडमध्ये गेले, तर फळ्यावर एरवी भाज्यांची यादी असते तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "काल गारपीट झाली. पालेभाज्या सगळ्या गेल्या. कोबीला मार बसला आहे. टोमॅटोची झाडं उभी आहेत, पण फळं फुटली. कांदे आणि बीट जमिनीत असल्यामुळे वाचले. पुढचे तीन-चार आठवडे वाटा लहान राहील. शेत पाहायचं असेल त्यांनी मागच्या बाजूने जावं, बूट घालून." खाली अर्धा वाटा: बीट ५०० ग्रॅम, कांदे ५०० ग्रॅम, आणि "फुटके टोमॅटो, आजच शिजवणार असाल तर, दोन". माझ्या वहीत त्या दिवशीचं वजन १ किलो १५० ग्रॅम आहे. हंगामातला नीचांक.

मी मागच्या बाजूने गेले. पालकाच्या वाफ्यात पानं अशी झाली होती की जणू कोणी मूठभर खडे घेऊन एकेक पान नेमून मारलं आहे. शेतकरीण बाई, वयाने माझ्या मुलीएवढ्या, वाकून मोडलेली पानं कापत होत्या. म्हटलं, आता हे कापून काय उपयोग? "काकू, मधला कोंब शाबूत आहे. फाटकी पानं काढली की नवी फुटतील. तीन आठवडे द्या." बरोबर तीन आठवड्यांनी, तेराव्या शुक्रवारी, फळ्यावर पालक होता.

शेडमध्ये तेव्हा एक गृहस्थ तावातावाने बोलत होते, एवढ्यासाठी पैसे भरले का म्हणून. मला त्यांचा राग समजला. पैसे भरताना आपण सगळे मनात भरलेली टोपलीच पाहतो, कागदावर काहीही लिहिलेलं असो. पण मी त्यांच्या बाजूने बोलू शकले नाही. कारण अंदाजपत्रक माझ्या घरी होतं.

हा भाग मला सर्वांत आवडला, तेव्हा थोडा वेळ इथे थांबते. हंगामाआधी सभासदांची बैठक होते आणि शेताचं वर्षाचं अंदाजपत्रक सगळ्यांना छापून देतात. बियाणं, खत, मजुरी, पाण्याचा पंप, अवजारांची दुरुस्ती, वाफ्यांवर टाकायची जाळी, आणि शेतकरी जोडप्याचा स्वतःचा पगार. हा पगार लिहिलेला असणं महत्त्वाचं. नाहीतर शेतकऱ्याची मजुरी म्हणजे सगळं देऊन उरेल ते, आणि बहुतेक वेळा ते उरत नाही. एकूण खर्चाला वाट्यांच्या संख्येने भागलं की एका वाट्याची रक्कम. मी घरी आणून बेरीज तपासली. चुकली होती. रोपवाटिकेच्या आकड्यात बियाण्याची रक्कम एकदा धरलेली होती आणि बियाणं म्हणून वेगळीही. पुढच्या शुक्रवारी सांगितलं. त्या बाईंनी तिथेच कागद उघडला, कपाळावर हात मारला, आणि दुसऱ्या हप्त्यात सगळ्यांची रक्कम कमी झाली. तेव्हापासून शेडमध्ये मला हिशोबवाल्या काकू म्हणतात. असू दे.

पैसे आधी का, हेही त्या कागदावरून कळतं. शेताचा बराचसा खर्च सुरुवातीला होतो आणि उत्पन्न महिन्या-दोन महिन्यांनी सुरू होतं. मधली खिंड कर्जाने भरायची किंवा खाणाऱ्यांनी. ही युक्ती नवी नाही. शेडच्या भिंतीवर दहा कलमांचा एक पिवळट कागद डकवलेला आहे. रांगेत उभं राहून राहून तो मला जवळजवळ पाठ झाला आणि मग कुतूहलाने मी थोडं वाचलं. ही कलमं जपानची. तिथे १९७१ मध्ये सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली. कीटकनाशकांच्या धास्तीने शहरातल्या गृहिणींचे गट शेतकऱ्यांशी थेट बोलणी करून माल घेऊ लागले. त्या पद्धतीला तेइकेइ म्हणतात, म्हणजे हातमिळवणी, भागीदारी. १९७८ मध्ये त्या संघटनेने तिची दहा तत्त्वं ठरवली. तिसरं तत्त्व असं की ठरवून पिकवलेला सगळा माल खाणाऱ्यांनी स्वीकारायचा. याचा अर्थ मला बाराव्या आठवड्यात कळला, तो पुढे सांगते. चौथं, किंमत ठरवताना निवडणं-बांधणं वाचलं याचा विचार शेतकऱ्यांनी करायचा आणि ताजा, सुरक्षित माल मिळाला याचा खाणाऱ्यांनी. आणि सहावं तत्त्व वाटपाचं: माल पोचवायचं काम व्यापारी वाहतूकदारावर न सोडता शेतकऱ्यांनी आणि खाणाऱ्यांनी आपसांत वाटून घ्यायचं.

सहावं वाचल्यावर तराजूचा उलगडा झाला. स्वतः मोजून घ्यायला लावणं हा कंजूसपणा आहे असं मला वाटत होतं. पण प्रत्येकाची पिशवी भरायला दोन माणसं दिवसभर लागली असती, आणि त्यांची मजुरी त्याच अंदाजपत्रकात आली असती.

अमेरिकेत ही पद्धत १९८६ मध्ये दोन ठिकाणी सुरू झाली, मॅसॅच्युसेट्समधल्या इंडियन लाइन फार्मवर आणि न्यू हॅम्पशायरमधल्या टेम्पल-विल्टन कम्युनिटी फार्मवर. त्याच्याही आधी अलाबामातल्या टस्कीगीचे कृषी प्राध्यापक बुकर टी. व्हॉटली छोट्या शेतकऱ्यांना सांगत होते की ग्राहकांचं सभासदमंडळ करा आणि वर्गणी आधी घ्या. टेम्पल-विल्टनची रीत मला भारी वाटली. तिथे वाट्याची ठरलेली किंमतच नसते. बैठकीत अंदाजपत्रक मांडतात, प्रत्येक घर आपल्याला झेपेल ती रक्कम सांगतं, बेरीज कमी भरली तर पुन्हा एक फेरी. हे आमच्या शेतावर सुचवून पाहिलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. फ्रान्समध्ये २००१ पासून अशा गटांना जे नाव आहे त्याची आद्याक्षरं जोडून उच्चार होतो 'आमाप'. गारपिटीच्या आठवड्यात हे यांना सांगितलं तर म्हणाले, "आपलं माप बघता नाव चांगलं आहे."

आता काकड्या. बाराव्या शुक्रवारी फळ्यावर "काकडी: चार", तेराव्याला "काकडी: सहा", चौदाव्याला नुसतं "काकडी: हवी तेवढी", आणि पंधराव्याला "काकडी: कृपया न्या". पालेभाजी जेमतेम आणि काकडीला मोजमाप नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे काकडीचं लग्न आहे का गं?" मी त्या बाईंना विचारलं की थोड्या वेलावरच राहू द्या, पुढच्या आठवड्यात तोडा. तसं करता येत नाही. काकडी वेलावर जून झाली, आत बी धरलं, की वेलाला वाटतं आपलं काम झालं; नवी फळं धरायचं तो कमी करतो. म्हणून लागलेली काकडी दिवसाआड तोडावीच लागते. तोडली की पुन्हा लागते. म्हणजे तिसरं तत्त्व.

त्यातल्या काही कडू निघाल्या. याचंही कारण आहे, वेलाला पाण्याचा किंवा उष्णतेचा ताण बसला की कडवटपणा वाढतो, आणि तो देठाकडच्या टोकाला आणि सालीखाली जास्त असतो. सासूबाई देठाकडचा भाग कापून दोन्ही तुकडे एकमेकांवर घासतात, फेस येईपर्यंत. त्याने कडवटपणा खरोखर जातो की देठाकडचा तुकडा फेकला म्हणून जातो, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. मी साल जाड काढते आणि गप्प बसते.

दिसण्याबद्दल आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिल्याच पिशवीला नाक मुरडाल. मुळ्याच्या पानांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात. पिसवांसारखे उड्या मारणारे बारीक भुंगे ती पाडतात, जाळी टाकायला दोन दिवस उशीर झाला तर चाळणच. खाली मुळा ठणठणीत असतो. टोमॅटो कोरड्या दिवसांनंतर जोराचा पाऊस झाला की तडकतात, कारण आतला गर एकदम पाणी पिऊन फुगतो आणि साल तेवढी ताणत नाही. तडकलेला टोमॅटो त्याच दिवशी शिजवला तर चवीला काही फरक नाही, दुसऱ्या दिवशी मात्र बुरशी हजर. गाजरं एकदा दोन पायांची आली, जमिनीत खडा किंवा घट्ट ढेकूळ लागलं की मूळ फुटतं. एक गाजर तर मांडी घालून बसलेल्या माणसासारखं होतं. सासूबाईंनी ते तीन दिवस चिरू दिलं नाही, येईल-जाईल त्याला दाखवत होत्या.

ताजेपणाला मात्र पैकीच्या पैकी. पालेभाज्या शुक्रवारी पहाटे तोडतात आणि लगेच थंड पाण्याच्या टबात बुडवून शेतातली ऊब काढतात. पानातली उष्णता लवकर उतरली की ते टिकतं, इतकं साधं. इथला पालक आमच्याकडे नीट ठेवला तर सात दिवस राहिला. "नीट ठेवला तर" हे शिकायला मला सात आठवडे लागले.

हे सगळं तिथे कोणी सांगत नाही, आणि सांगायला हवं, ही माझी पहिली तक्रार. सुरुवातीला मी घरी आल्यावर सगळं पिशवीसकट फ्रीजमध्ये कोंबायची आणि रविवारी निवडायला बसायची. गाजरं रबरासारखी वाकायची. का, तर गाजर, मुळा, बीट यांना पाला तसाच ठेवला की तो पाला कंदातलं पाणी ओढत राहतो. घरी आल्याआल्या पाला कापून वेगळा करायचा, देठाचं बोटभर टोक ठेवून. पालेभाजी ओली ठेवली तर सडते आणि उघडी ठेवली तर सुकते, म्हणून पाणी झटकून कापडात गुंडाळून मग डब्यात. टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवत नाही; बारा अंशांखाली त्याची चव मरते. काकडीलाही फार थंडी सोसत नाही, अंगावर खड्डे पडून ती बुळबुळीत होते. आणि पिकलेल्या टोमॅटोशेजारी काकडी ठेवली तर पिवळी पडते, कारण टोमॅटो पिकताना जो वायू सोडतो तो तिला मानवत नाही. एवढं समजेपर्यंत बरंच खतात गेलं. पूर्ण हंगामात फेकलं ६ किलो ३०० ग्रॅम, त्यातलं ४ किलो १०० ग्रॅम पहिल्या सात आठवड्यांतलं. आता शुक्रवारी घरी आल्यावर पाऊण तास बाजूला काढलेला असतो. सासूबाई पाला खुडतात, मी पुसते, गुंडाळते, हे डब्यांवर तारखा घालतात. तुमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी हा पाऊण तास नसेल तर खरंच विचार करा. भाजी घरात येणं आणि भाजी पोटात जाणं यांच्यामध्ये हाच पाऊण तास आहे.

दुसरी तक्रार यादीची. त्या आठवड्यात काय मिळणार हे शुक्रवारी दुपारी कळतं, निघायच्या आधी तासभर. निदान गुरुवारी अंदाज कळवला तर घरी काय संपवायचं ते ठरवता येईल. बैठकीत सांगितलं, "बघतो" म्हणाले, बघणं अजून चालू आहे.

तिसरी, अदलाबदलीचं टोपलं. कल्पना छान: नको ती भाजी टोपल्यात टाका, हवी ती उचला. प्रत्यक्षात त्यात कायम बीट असतं. चारच्या ठोक्याला येणारे चांगलं ते उचलतात आणि साडेसहाला पोचणाऱ्यांसाठी बीट उरतं. बीट कोणालाच नको असेल तर पुढच्या वर्षी कमी लावा, असं मी सूचना-वहीत लिहिलं. माझ्याखाली कोणीतरी लिहून ठेवलं आहे, "आम्हाला हवं आहे". मग टोपल्यातून न्या ना!

तराजू जुना आहे, काट्याचा, आणि रिकामा असताना वीस ग्रॅम दाखवतो. मी पहिल्या तीन आठवड्यांच्या नोंदी ताडून हे शोधलं. वीस ग्रॅम कमी मिळतात म्हणून नाही, पण ते कोणी दुरुस्त करत नाही म्हणून डोक्यात जातं. चिखलाचं काय सांगू, बूट न्या.

एका शुक्रवारी, सतराव्या, सासूबाईंना ताप होता म्हणून मी जाऊ शकले नाही. करारात लिहिलं होतं तसंच झालं. सातनंतर उरलेला माल सामुदायिक स्वयंपाकघराला जातो, तिकडे गेला. वाईट वाटलं, पण नियम सगळ्यांना एकच आहे. नंतर समजलं की आधी कळवलं तर आपला वाटा दुसऱ्या कोणाला घेऊन जायला सांगता येतो, त्यासाठी यादीत शेजारी त्यांचं नाव लिहायचं. समोरच्या घरातल्या बाईंशी आता तसं ठरवून ठेवलं आहे. त्या भाजी नेतील आणि त्यातली निम्मी ठेवतील.

ज्यांना शेतापर्यंत जमत नाही त्यांच्यासाठी वस्तीत एक घ्यायची जागा आहे, एका सभासदाच्या गाडीखान्यात. तिथे दोनदा गेले. भाजी तीच, शेत तेच, पण खोकी दुपारपासून उन्हाच्या तिरिपेत उभी होती आणि पालेभाजीने मान टाकली होती. फळा नाही, तराजू नाही, बोलायला कोणी नाही. गारपीट त्या आठवड्यात झाली असती तर मला फक्त हलकं खोकं मिळालं असतं आणि मी संतापून घरी आले असते. जाणं अगदीच अशक्य नसेल तर शेतावरच जा.

आकडे मागितले आहेत त्यांच्यासाठी: बावीसपैकी एकवीस शुक्रवार, एकूण ८१ किलो ९०० ग्रॅम, म्हणजे खेपेला सरासरी ३ किलो ९०० ग्रॅम. सर्वांत जास्त पंधराव्या आठवड्यात, ६ किलो ७०० ग्रॅम, आणि त्यातली निम्मी कोण होती ते ओळखा. वाणं सत्तावीस. फळं नाहीत, ती हवी असतील तर ही जागा तुमची नाही. दोघा-तिघांच्या घराला अर्धा वाटा भरपूर आहे. ठरावीक चारच भाज्या खाणाऱ्या घराने तर सभासद होऊच नये; पाचव्या आठवड्यात भांडणं सुरू होतील, आणि ती शेतकऱ्याशी नव्हे, घरातच.

दुसऱ्या एखाद्या शेताचे सभासद होणार असाल तर पैसे भरण्याआधी त्यांना मागच्या हंगामातल्या सर्वांत वाईट आठवड्याबद्दल विचारा. "आमच्याकडे तसं कधी होत नाही" असं म्हणाले तर लेबलं तपासायची तयारी ठेवा. इथे विचारलं असतं तर त्यांनी मागच्या बाजूने नेऊन दाखवलं असतं.

शेवटच्या शुक्रवारी अर्ध्या वाट्यात एक भोपळा होता, देठासकट. देठ मोडू नका, कोरड्या जागी ठेवा, दोन महिने तरी राहील, असं त्या बाईंनी प्रत्येकाला बजावून सांगितलं. तो आमच्या कपाटावर आहे. सासूबाई येता-जाता त्यावर टिचकी मारून आवाज ऐकतात आणि "अजून नाही" म्हणतात. पुढच्या हंगामाचा फॉर्म त्याच्याच खाली ठेवला आहे. यांचं म्हणणं आता पूर्ण वाटा घेऊ. मी अर्ध्यावरच खूण केली आहे, आणि समासात लहान अक्षरांत काकडीबद्दल दोन ओळी लिहिल्या आहेत.